ऑफिसातली एकच जोडी

तलासरीच्या पंचायत समितीत विस्तार अधिकारी असलेल्या प्रल्हाद सावेला बूट घ्यायचे नव्हते. पण त्याच्या राजदूतची किल्ली आता त्याच्या बायकोच्या पर्समध्ये होती, आणि पर्स शाळेत गेली होती.

झालं होतं एवढंच, की गेल्या बुधवारी गाडी वळवताना त्याचा पाय चपलेतून सटकला आणि डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख रस्त्यानं ठेवून घेतलं. प्रल्हादला त्यात विशेष काही वाटलं नाही. तालुक्यातले सगळेच अधिकारी चपला घालून मोटारसायकल चालवत. नखं मोजायची पद्धत नव्हती. पण त्याची बायको लतिका शिक्षिका. तिनं पट्टी बांधली, हात धुतले आणि वर्गात बोलायच्या आवाजात सांगितलं, "घोट्याच्या वर येणारे बूट पायात दिसले, की किल्ली मिळेल. तोवर एस.टी. शैलेशभावजींचं काय झालं ते विसरलात वाटतं."

ऑफिसातल्या शैलेशचं काय झालं ते प्रल्हाद विसरला नव्हता. खरी अडचण तीच होती.

दोन दिवस त्यानं एस.टी.नं नोकरी केली. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, तो हाल्या मेस्त्रीकडे गेला. हाल्या डहाणूला रेल्वे फाटकाजवळ गाड्या दुरुस्त करायचा आणि बारा महिने अनवाणी असायचा. त्यामुळे बुटांबद्दल त्याची मतं अगदी पक्की होती.

"घोटा झाकला पायजे," हाल्या बोटांवर मोजत म्हणाला. "बुटाचा पुढचा भाग टणक, पण इतका जाडा नको की गिअरखाली शिरायचाच नाय. टाचेला खाच पायजे, म्हंजे फूटरेस्टवरनं पाय घसरत नाय. नाडी लांब नको, अडकते. तळ रबरी, नक्षीवाला. आन् घालून दोन मैल ढकलत चालता आलं पायजे, कारण गाडी राजदूत हाये."

"आणि साखळीचं बघितलंस का? तो आवाज."

"तीनदा बघितलं, साहेब. साखळी ताठ हाये. आवाज गाडीतनं येतच नाय."

आवाज असा होता, की प्रल्हादनं गाडी हळू केली, की मागून कुणीतरी सैल सपाता घालून पळत येतंय असं वाटायचं. फटक्-फटक्, फटक्-फटक्. गाडी थांबली की तोही थांबायचा. दिवसाढवळ्या, भर बाराला. वर्ष होत आलं होतं. प्रल्हादनं आधी साखळी बदलली, मग मडगार्ड आवळलं, मग रस्ता बदलला. आता तो किनाऱ्याच्या सरळ रस्त्यानं न जाता हायवेनं वळसा घालून तलासरीला जाई. मैल वाढले. सपातांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही; त्या हायवेवरही आल्या.

चंदुभाईंचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर. घरात गुजराती, गल्ल्यावर मराठी आणि पोलिसांशी हिंदी असा माणूस. त्यांनी पंख्याखाली प्रल्हादला बसवलं आणि एकेक जोडी काढली. गमबूट दाखवले. "कोळी लोक नेतात, पाणी आत येत नाही." प्रल्हादच्या लक्षात आलं, की बाहेरही जात नाही, मे महिन्यात घाम पोटरीपर्यंत भरला असता. कॅनव्हासचे दाखवले, ते खेळायला छान होते, पडायला नव्हते. पोलिसी बूट दाखवले. त्यातला डावा अंगठ्याच्या पट्टीसकट असा बसला, जणू प्रल्हादच्याच पायाचा साचा घेतला होता.

उजवा जाईना.

"मोजा काढा," चंदुभाई म्हणाले. मोजा काढला. पावडर टाकली. पाय अर्ध्यावर जाई आणि अडे. आत काहीतरी आधीच असावं तसं.

"बहुतेक कागदाचा बोळा असेल," प्रल्हाद म्हणाला.

चंदुभाईंनी बोळा काढून दाखवला. तो मघाशीच काढलेला होता.

शेवटी त्यांनी वापीच्या कारखान्यांत घालतात ते लोखंडी टोकाचे बूट आणले. "आ जुओ साहेब, यावर बैल उभा करा." बैल नसल्यानं त्यांनी पाच किलोचं वजन टाकून दाखवलं. डावा झकास. उजवा नाही. चंदुभाईंनी टेप काढून दोन्ही पाय मोजले. सारखे. दोन्ही बूट मोजले. सारखे. "पाय बरोबर, बूट बरोबर, मग प्रॉब्लेम कोणाचा?" असं म्हणत त्यांनी उजव्या बुटात हात घातला, पार बोटांपर्यंत. मग हात सावकाश बाहेर काढला, धोतराला पुसला, आणि साडेअकरालाच "जेवणाची वेळ झाली" म्हणून शटर ओढायला घेतलं.

प्रल्हाद रिकाम्या हातानं घरी आला. आपल्याला कुठलाच बूट का बसत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या घरच्या माळ्यावर, लोणच्याच्या बरणीमागे, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जोडी होती. ती शैलेशची होती.

ती जोडी म्हणजे ऑफिसची इभ्रत होती. शैलेशच्या मामानं मिलिटरीतून निवृत्त होताना आणलेली. काळं जाड कातडं, दुहेरी शिवण, घोट्याच्या वर चार बोटं. शैलेश बुलेट चालवायचा आणि हेच बूट घालून चालवायचा. पण बाकीचा स्टाफही ते वापरायचा. ओळखपत्राचा फोटो काढायचा, की बूट मागून न्यायचे. फोटो छातीपर्यंतचाच निघतो, पण बुटांशिवाय चेहऱ्यावर तो भाव येत नाही. तिघांनी ते बूट घालून मुली पाहिल्या आणि तिघांचीही लग्नं जमली. माप आठ नंबर. ऑफिसात सहापासून दहापर्यंतचे पाय होते, पण सरकारी नोकरीत माणूस खुर्चीच्या मापाचा होतो, तसे ते पायही आठ नंबरचे झाले होते. शैलेश कुणाला नाही म्हणत नसे. "घेऊन जा रे," म्हणायचा आणि चपलांत पाय सरकवायचा.

मागच्या वैशाखात ठाण्याहून मोठे साहेब रोपवाटिका बघायला येणार होते. साहेब आधी पाय बघतात आणि मग रोपं, अशी त्यांची ख्याती. आदल्या दिवशी प्रल्हादनं बूट मागितले.

"उद्या तुला लागायचे नाहीत ना?"

"मला काय, सायवनला कलमं बघून परत यायचंय फक्त," शैलेश म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उधव्याच्या पुढे, एका साध्या वळणावर बुलेट खडीवरून घसरली आणि शैलेशच्या उजव्या पायावर पडली. घोटा फुटला. बाकी अंगावर ओरखडा नाही. दवाखान्यात तो पहिले दोन दिवस विनोद सांगत होता. मग पायातून विष चढलं आणि आठव्या दिवशी तो गेला. डॉक्टर म्हणाले, "पायात काही जाड असतं तर..." आणि पुढच्या पेशंटकडे वळले. ते वाक्य त्यांनी तसंच सोडलं. वर्षभर रोज सकाळी गाडीला किक मारताना प्रल्हाद ते पूर्ण करत होता.

त्याहून वाईट घडलं ते तेराव्याला. शैलेशचं घर झाईला, चिकूच्या वाडीत. वडील लहानपणीच गेलेले. घर आणि वाडी आई सांभाळायची, कुसुमबाई. तेराव्याला भटजींना छत्री, काठी, तांब्या आणि पायताण द्यायचं असतं, म्हणजे मेलेल्याला वाटेवर काटे आणि तापलेली वाळू लागत नाही. कुसुमबाईनं पंगतीत उभं राहून विचारलं, "त्याचे बूट कुणाकडे आहेत का रे? दुसरं काही त्याच्या पायाला चालायचं नाही." स्टाफनं एकमेकांकडे बघितलं. नेहमीच कुणाकडे तरी असत, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याकडे असतील. प्रल्हादच्या तोंडात लाडू होता, त्यामुळे त्याला बोलता आलं नाही. लाडू संपेपर्यंत विषय बदलला होता.

मग बाजारातून रबरी सपाता आणल्या. माप न बघता. सैल होत्या.

आता येत्या सोमवारी वर्षश्राद्ध होतं, आणि रविवारी सकाळी लतिकानं लोणच्याची बरणी काढली.

"अहो!" ती स्टुलावरूनच ओरडली. "घरात हे असले बूट असताना गावभर काय हिंडताय? कुणाचे हे?"

"ऑफिसचे," प्रल्हाद म्हणाला. आयुष्यात इतकं खरं आणि इतकं खोटं तो एका शब्दात कधी बोलला नव्हता.

तिनं ते पुसले, पॉलिश केले आणि त्याच्यासमोर ठेवले. डावा गेला. उजवाही गेला, गेला कसला, बुटानं वाट बघत असल्यासारखा पाय आत ओढून घेतला. बुटाच्या वरच्या बाजूला, बोटांपाशी, गिअरच्या दांड्यानं पडलेला खोलगट वण होता. बुलेटचा गिअर उजव्या पायाला असतो म्हणून तो उजव्या बुटावर. लतिकानं वाकून दोन्ही बाजूंनी अंगठा दाबून पाहिला, घोटा हलवून पाहिला आणि समाधानानं किल्ली हातात ठेवली. "जाऊन या एक चक्कर. म्हणजे मला कळेल चावतात का."

प्रल्हाद हायवेच्या दिशेनं निघाला. सपातांचा आवाज आला नाही. फाटक ओलांडलं, नदी ओलांडली, तरी नाही. पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. मग गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घ्यायला त्यानं डावा पाय दाबला, आणि उजवा पाय आपोआप वर उचलला गेला.

राजदूतला त्या बाजूला गिअर नसतो. तिथे ब्रेक असतो. बुटाचं टोक ब्रेकच्या दांड्याखाली शिरलं आणि वर ढकलू लागलं, सवयीनं, सफाईनं, बरीच वर्षं बुलेट चालवलेल्या माणसासारखं. प्रल्हाद जन्मात बुलेटवर बसला नव्हता. त्यानं पाय ओढून घेतला. गिअर बदलला, की तो पुन्हा जाई. वळणावर पुढे गवताच्या भाऱ्यांनी लादलेली बैलगाडी चाललेली दिसली. प्रल्हादनं ब्रेक दाबायला पाय टाकला, तर पाय दांड्याच्या खाली. तो दाबायला जाई, पाय उचलायला जाई. मधल्या वेळात बैलगाडी बरीच जवळ आली.

गवतानं त्याला वाचवलं. तो हँडलसकट छातीपर्यंत भाऱ्यात घुसला.

गाडीवाल्यानं वळून बघितलं. "साहेब, गवत खायचं तं उतरून खा ना. घाई कायची?"

प्रल्हादनं डोक्यातलं गवत काढलं. लागलं काहीच नव्हतं. पाय तर ठणठणीत होते. बूट उत्तमच होते. हाल्यानं सांगितलेलं सगळं त्यांच्यात होतं. फक्त ते घालून चालवणारा तो एकटा नव्हता. असंच वापरत राहिलो, तर पुढच्या खेपेला समोर गवत असेलच असं नाही, हे त्याला कळलं. आणि काढून पुन्हा माळ्यावर ठेवले, तर सपाता परत येतील. त्यानं गाडी फिरवली आणि नुसत्या हातब्रेकवर, पहिल्या-दुसऱ्यात, झाईची वाट धरली. त्या वाटेवर उजवा पाय कसा शांत बसला होता, सुट्टीला घरी निघालेल्यासारखा.

वाडीत पोचला तेव्हा बारा वाजले होते. चिकूच्या झाडांखाली त्या वेळेला जो गारवा असतो त्यात एक वेगळाच अंधार मिसळलेला असतो. जुनी माणसं तेव्हा वाडीत जोरानं बोलत नाहीत. कुसुमबाई ओट्यावर बसून चिकूंची निवड करत होती. मोठे एका करंडीत, बारके दुसऱ्या.

"कोण?"

"मी प्रल्हाद, काकी. डहाणूचा."

"ये की. बाहेर काय उभा? पायातलं काढ नि ये."

प्रल्हाद पायरीवर बसला. डावा बूट निघाला. उजवा निघेना. त्यानं नाडी पूर्ण सोडली, टाच धरून ओढलं, दुसऱ्या पायानं रेटलं. कुसुमबाई थोडा वेळ बघत राहिली. मग उठली, पायऱ्या उतरली आणि बूट बघून खाली बसली. त्या वणावरून तिनं बोट फिरवलं.

"सोड," ती म्हणाली. प्रल्हादला वाटलं आपल्याला म्हणते आहे. त्यानं हात काढले. "तुला नाही," ती म्हणाली, आणि बूट अलगद तिच्या हातात आला.

मग प्रल्हादनं सांगितलं. साहेबांची भेट, रोपवाटिका, चपला, लाडू. कुसुमबाई ऐकत होती आणि हातानं एकेक चिकू करंडीत टाकत होती; एकही चुकीच्या करंडीत गेला नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"हो."

"तू पाचवा."

"म्हणजे?"

"तुमचे ते इंगळे आले होते पावसाळ्यात. म्हणे, सायवनला जायची पाळी माझी होती, डोकं दुखतंय म्हणून मी त्याला पाठवलं. मग तो तुमचा हिशेबनीस आला, म्हणे, मीच निघताना त्याला बोलण्यात गुंतवलं, नाहीतर दहा मिनिटं आधी गेला असता. दिवाळीत शिपाई आला, चैत्या. त्यानं टायरची हवा बघितली नव्हती म्हणे. आणि ज्याच्या रस्त्यावर खडी होती तो कंत्राटदार. तो तर रडून रडून माझ्या पायाशी लोळला, जाताना दोन डझन चिकू घेऊन गेला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सगळ्यांना चहा पाजून पाजून दमले रे मी. कुणाला म्हटलं नाही, की तुझी चूक नव्हती. होती तर होती. तुझी पण होती."

प्रल्हादनं डावा बूट उचलून तिच्यासमोर ठेवला.

"पण काहीतरी परत घेऊन आलेला तू पहिलाच," ती म्हणाली आणि उठली. "गाडी आहे ना? मला त्या वळणावर ने."

"आत्ता? या उन्हात?"

"दीर नेत नाही, भाचे नेत नाहीत. म्हणतात तुला बघवायचं नाही. वर्ष झालं, माझा पोरगा कुठे पडला ते मला माहीत नाही. तुला काय अडचण आहे?"

काहीच नव्हती. तिनं जुन्या लुगड्याचे दोन बोळे केले, बुटांच्या टोकांत कोंबले आणि बूट स्वतःच्या पायात चढवले. नऊवारी लुगड्याखाली ते मिलिटरीचे बूट. हसू यावं असं दृश्य होतं, पण वाडीत कुणी हसलं नाही. पाट्या उचलणारी बायजी तर बाजूला सरून उभी राहिली, एकीला नव्हे, दोघांना वाट द्यावी तशी.

प्रल्हादनं अनवाणीच किक मारली. ब्रेकचा लोखंडी दांडा तापला होता, पण पाय त्याचाच होता. जिथे टाकावा तिथे पडत होता. इतक्या हळू त्यानं गाडी कधीच चालवली नव्हती. तलासरी गेली, उधवा गेलं. प्रत्येक गिअरला त्याच्या पोटरीला मागून बुटाचं टोक लागत होतं.

"काकी, पाय सांभाळा."

"मी नाही उचलत," मागून उत्तर आलं. "तू पुढे बघ."

वळण अगदीच साधं होतं. एका बाजूला ताडाची झाडं, दुसऱ्या बाजूला बांध. खडी केव्हाच डांबराखाली गेली होती. एक शेळी मध्ये उभी होती, ती प्रल्हादनं हाकलली. कुसुमबाई उतरली, इकडेतिकडे बघितलं. "इथे?" "इथेच." तिला जणू काहीतरी मोठं अपेक्षित होतं.

"तू थांब इथे. मागे येऊ नको."

ती सायवनच्या दिशेनं चालू लागली. रस्त्याच्या मधून नाही. डाव्या कडेनं, उजवीकडे आणखी एका माणसाला जागा सोडून. थोडं पुढे गेल्यावर ती बोलायला लागली. शब्द नीट ऐकू येत नव्हते. आधी चिकूच्या भावाबद्दल होतं, मग पंपाच्या मोटरबद्दल, मग कुठल्याशा मुलीबद्दल, जिचं लग्न शेवटी दुसरीकडे झालं. मध्येच ती रागावली. मध्येच थांबून ऐकत राहिली, आणि "हो हो, ठाऊक आहे मला" असं म्हणाली. उत्तरं प्रल्हादला ऐकू येत नव्हती, पण ती देता येतील एवढा वेळ ती प्रत्येक वेळी थांबत होती. मग रस्ता वळला आणि ती दिसेनाशी झाली.

प्रल्हाद गाडीला टेकून उभा राहिला. तापलेल्या डांबरावर त्याचे तळवे भाजत होते, म्हणून तो एकदा हा आणि एकदा तो पाय उचलत होता. शेळीनं ते बराच वेळ पाहिलं.

अर्ध्या तासानं कुसुमबाई परत आली. एकटी. रस्त्याच्या मधून चालत. पाय उघडे.

"बूट?" प्रल्हादनं विचारलं.

"दिले."

"कुणाला?"

तिनं त्याच्याकडे बघितलं, लहान पोरानं वेडा प्रश्न विचारल्यावर बघतात तसं, आणि मागच्या सीटवर बसली. प्रल्हादनं पुढच्या वळणापर्यंत पळत जाऊन पाहिलं. सायवनपर्यंत सरळ रस्ता दिसत होता. त्यावर माणूस नव्हता, गाडी नव्हती, काठावर काही ठेवलेलं नव्हतं. लुगड्याचे दोन बोळे तेवढे पडले होते, शेजारी शेजारी.

"काकी, घरी लतिकाला काय सांगू?"

"सांग, ज्याचे होते त्याचे होते. तू तुझ्या मापाचे घे. आणि पुन्हा कुणाचे मागून नेऊ नको, भिकारड्या." तिनं पदर खोचला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पकड घट्ट होती. "आता जरा जोरात घे. चारला चिकूची गाडी लागते, आणि अजून सहा करंड्यांची तोंडं शिवायचीत."